मेंदूतलं तुंबलेलं पाणी

३ जुलै
औरंगपुऱ्यात मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडं जाऊन आलो. मे महिन्यात फिट आली, म्हणून बाईक अजून बंदच म्हणे. गोळी सकाळ-संध्याकाळ, झोप भरपूर. निशा मान हलवत ऐकत होती. म्हणजे कंपनीच्या गेटवर बायकोच्या स्कूटीवरूनच उतरायचं. वॉचमन मला सोडून तिलाच नमस्कार करतो. लई झालं.

७ जुलै
नेटवर कारण सापडलं! मेंदूत पाणी असतं. ते फिरतं, झोपेत आतला कचरा धुऊन नेतं. हे फिरणं बिघडण्याचा फिट्सशी संबंध असू शकतो, शास्त्रज्ञ तपासतायत. 'असू शकतो' हे ते घाबरून लिहितात. माझं पाणी तुंबलंय, नक्की. निशाला समजावलं. तिनं विचारलं, प्रयोग कुणावर केलाय? उंदरांवर, म्हणालो. "मग उंदरांना सांगा. तुम्ही गोळी घ्या."
विज्ञानाची कदरच नाय.

८ जुलै
ठराव : रोज नऊला झोपणे.

९ जुलै
झोपेवरचे व्हिडिओ बघता बघता दोन वाजले. अभ्यासाला वेळ लागतोच.

१४ जुलै
गोळीमुळं प्रयोग गढूळ होतोय. फरक पाण्यामुळं की गोळीमुळं, कळणार कसं? सकाळची बंद केली. निशा हातावर देते, मी गालात धरतो, मग बेसिनमध्ये. तिला बोललो नाही. संशोधनात गुप्तता पाळावी लागते.

१८ जुलै
डोकं एकदम हलकं. संध्याकाळचीही बंद. रविवारी बाईकवर वेरूळ!

२१ जुलै
वेरूळ राहिलं. काल बूट घालतानाच फिट आली म्हणे. मला काही आठवत नाही. जीभ चावली गेलीय. शेजारचे कडुबाकाका चप्पल हुंगवायला धावले. निशानं ती हिसकावून फेकली, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी घातली.
पित्तानं झालं असेल.

२२ जुलै
मॅडमनी विचारलं, गोळ्या वेळेवर होत्या का? मी तोंड उघडायच्या आत निशा म्हणाली, "एकही चुकली नाही मॅडम. मी माझ्या हातानं देते."
मॅडम म्हणाल्या, मग हे औषध पुरत नाही, आणखी एक जोडावं लागेल. निशाचे डोळे भरले. "तेही लागू नाही पडलं तर?"
तेव्हा मी सांगितलं. जीभ सुजलेली, त्यामुळं दोनदा सांगावं लागलं.
मॅडम म्हणाल्या, गोळी अशी अचानक सोडली की जिवावर बेततं. निशानं स्कूटी काढली.
घरी तिनं गोळी हातावर ठेवली. पाणी दिलं. समोरून हललीच नाही.
"आ करा."
केला.