रॉकेलमध्ये फुगलेलं रबर

आबा,

आज किल्लारीहून एक जुनी मोटार आली, मागचं चाक जाम झालेली. दारातच ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला आणि मला तुमचा चेहरा आठवला, रागानं लाल झालेला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी आपलं भांडण मिटलेलं नाही, आणि मला ते मिटवायचंही नाही. मी बरोबर होते. तुम्ही जिवंतपणी ते तोंडानं कबूल केलं नाहीत, म्हणून नांदेडच्या माझ्या स्वतःच्या गॅरेजात बसून मी तुम्हाला सुनावतेय.

लातूरचा नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या मोटारी आल्या, म्हणून तुम्ही बिलोलीहून बिऱ्हाड हलवलंत आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकलीत. मोटारी आल्या, पाऊस काही आला नाही. टँकरमागे घागर घेऊन मी पळायचे, त्यातलीच एक कळशी शेडवर यायची. एरवी तुम्ही ब्रेकच्या आतलं सगळं साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचात. त्या उन्हाळ्यात मी डबा घेऊन येते, तर तुम्ही सिलिंडरातल्या रबरी वाट्या परातीत रॉकेल ओतून चोळताय. आपल्या स्वयंपाकघरातल्या रॉकेलच्या डब्याला मी झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला होता. तो असा फुगला होता की झाकण बसेना. म्हणून मी म्हणाले, "आबा, रबर फुगंल की." तुम्ही वर न बघता म्हणालात, "प्यायाला पानी न्हाई, अन् म्या रबर धूत बसू? डबा ठेव अन् जा."

आठवडाही झाला नसेल, ज्या मोटारीच्या वाट्या तुम्ही रॉकेलनं धुतल्या होत्यात, तीच परत आली. ब्रेक एकदा दाबला की चाक सुटेना, ड्रम तव्यासारखा तापलेला. तुम्ही लायनर ढिले केलेत, स्प्रिंग बदललीत, गाडी जायची आणि पुन्हा चाक धरून परत यायची. "उन्हानं धरून राहिलंय," तुम्ही म्हणायचात. कचेरीचे ड्रायव्हर बाकड्यावर बसून मजा बघत होते. मी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "चाकामागचं तेल सोडायचं निपल खोला आबा. तेल निघाल्यावर चाक सुटलं तर दाब मागं अडकलाय. तरीबी न्हाई सुटलं, तर सिलिंडरच धरलंय." हे मी तुमच्याच तोंडून, तुम्ही गिऱ्हाइकांना समजावताना ऐकलं होतं, कुठल्या शाळेत नव्हे. तुम्ही पाना आपटलात. "पोरीच्या जातीनं चुलीपाशी बसावं! मला ब्रेक शिकवून राहिली!" ड्रायव्हर खदाखदा हसले. माझं तोंड बंद करायला म्हणून तुम्ही निपल खोललंत. तेल उडालं. चाक जागचं हललं नाही. मग कुणी हसलं नाही, पण तुम्ही मला हाताला धरून रस्त्यावर काढलंत.

दुसऱ्या दिवशी मी शेडमधली एक चांगली वाटी रॉकेलच्या पेल्यात टाकली, आणि ती फुगल्यावर कोऱ्या वाटीशेजारी तुमच्या पेटीवर मांडली. तुम्ही दोन्ही बोटांनी दाबून बघितल्यात आणि नालीत फेकल्यात. मात्र त्यानंतर रॉकेल शेडमध्ये दिसलं नाही. ब्रेक ऑइलनंच सगळं धुतलं जाऊ लागलं. आणि एका संध्याकाळी तुमचा रिकामा डबा धुवायला घेतला, तर आत कागदात गुंडाळलेला रबराचा कोरा संच. आई म्हणाली, "घे गं बाई, त्यांला एवढंच जमतं." मला ते पुरलं नाही, आजही पुरत नाही. हाकललंत चारचौघांत आणि मान्य केलंत डब्याच्या आत! शेडमध्ये त्यानंतरही मी फक्त डबा पोचवायलाच यायचे. म्हणून नांदेडला दुसऱ्याच्या गॅरेजात झाडू मारत मी हे काम शिकले, आणि दारावर पाटी लावली ती माझ्या नावाची.

आजच्या मोटारीचं निपल खोललं, तेल आलं, चाक हललं नाही. सिलिंडर उघडला, वाट्या फुगलेल्या. मालक म्हातारे, ओशाळून म्हणाले, "ताई, औंदा पानी कुठं हाय? म्याच रॉकेलनं धुतलं." मी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि रॉकेलनं रबराचं काय होतं ते नीट सांगितलं, हाकललं नाही. मग ते म्हणाले, "ह्या मापाचं रबर कुठंच भेटंना. तुमच्याकडं हाय का?"

मी म्हणाले, नाही. हैदराबादहून मागवते, चार दिवस थांबा. आबा, तुमचा तो संच त्याच मापाचा, माझ्या खणात अजून त्याच कागदात आहे. इतकं जुनं रबर गाडीला घालायचं नसतं, हे खरं. पण मी नाही म्हणाले ते त्या कारणानं नाही.