काढण्याआधी विचारायचं

प्रिय घुम्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण सवय जात नाही. आई आता बरी आहे. जिना चढते, मला कामाला लावते. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तिच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर जाताना मी तुला एकच गोष्ट बजावली होती. कंप्युटरवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवायचं-काढायचं आपलं टूल, दोघांनी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. त्यातला 'विचारू नको' हा ऑप्शन, म्हणजे माणसाची परवानगी न घेताच काम उरकायचं, फक्त 'बसव' या कमांडपुरता ठेवायचा. 'काढ'ला तो द्यायचा नाही. काहीही काढण्याआधी टूलने माणसाला विचारलंच पाहिजे. यावरून किती भांडलो आपण! प्रत्येक कमांडला तेच ते काय लिहायचं, म्हणून तुला सगळे ऑप्शन वर उचलून ठेवायचे होते, सगळ्या कमांडना एकदम लागू. शेवटी तू मान डोलावलीस आणि मी बिनघोर गेले. कसली बावळट मी!

मी दवाखान्यात आईच्या उशाशी, आणि इकडे तू तो ऑप्शन वर नेलास. आपलं टूल वापरणाऱ्या त्या छापखान्याने पॅकेजेस बसवताना कटकट नको म्हणून 'विचारू नको' सेटिंगमध्येच लिहून ठेवलं होतं. टूलची तुझी नवी आवृत्ती त्यांच्याकडे गेली, त्यांच्या माणसाने एक जुनं पॅकेज काढलं, आणि टूलने एका शब्दाने न विचारता त्यावर अवलंबून असलेलं सगळंच साफ केलं. छपाई ठप्प.

चुकलास, ठीक आहे. चुका मीही ढीगभर केल्यात. पण मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, तेव्हा जन्माचा घुम्या तू, नेमकं तोंड उघडलंस. तिनेच करायला सांगितलं होतं, म्हणालास. माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून! मी वही मिटून बाहेर पडले. टूल माझ्याकडून काढून घेतलं, मग नोकरीही गेली. तू साधा फोन केला नाहीस. अजून आतून जळते रे मी.

आणि काल एका कंपनीतून फोन आला. तू तिथे अर्ज केलायस, आणि तुझ्याबद्दल विचारायला माझं नाव दिलंयस. कमाल आहे तुझी! मी गप्पच बसेन याची एवढी खात्री? असंच टूल तुझ्या हाती सोपवावं का, असं ते विचारत होते. मी परवा कळवते म्हटलं. तुझ्यासारखं पाठीमागून करणं मला जमायचं नाही. काढून टाकण्याआधी विचारायचं असतं, म्हणून विचारतेय: खरं काय घडलं ते तू सांगतोस, की मी सांगू?

अजून तरी तुझीच,
भांडखोर