वारासिवनीच्या पुढचं गाव

श्रुतिकाचे बाबा,

तुमच्या वंशावळीपायी आज मी दिवसभर लामत्यात फिरली. तुमच्या आजीले सारे ‘लामतावाली’ म्हणत, म्हणून तुम्ही तिचं माहेर लामता लिहून टाकलं. तिथं तिले कोणीच ओळखत नाही. शेवटी तुमच्या आत्याबाईले फोन केला. माहेर दूर जंगलातल्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत होतं, लामत्यात वरात फक्त रेल्वेत बसली होती. हे आधी विचारता येत नव्हतं काय?

घरी येऊन वंशावळीत माह्या नावापुढं पाह्यलं, तर माहेर वारासिवनी. तिथं फक्त आपलं लग्न लागलं. माहं गाव त्याच्या पुढं आहे, तुम्ही कधी आलेच नाही.

भाजी झाकून ठेवली आहे. मी माहेरी चालली. घ्यायले याल त गाव कोणाले न विचारता या.

पौर्णिमा