चमच्याचा पाय आणि चमच्याचं डोकं

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. सोबतचे दोन फोटो मला केवढ्याला पडले ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ते जरा सावकाश बघाल. नवे गमबूट एक जोड, तुमच्या लेन्सचं झाकण, आमच्या हिचा डबा (आतल्या जेवणासकट) आणि आमच्या ड्रायव्हरचं माझ्याबद्दलचं मत. शेवटची वस्तू परत मिळेलसं वाटत नाही.

विहीणबाईंची तब्येत बरी असेलच. तुमचा गुडघा कसा आहे? हे आपलं रीत म्हणून विचारलं. तुमच्या सूनबाईंनी (म्हणजे आमच्याच कन्येनं) फोनवर सगळं सांगितलंय. ऑपरेशन उत्तम झालं, टाके निघाले, आणि आता व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तुम्ही रोज "उद्या बघू" म्हणून वाटेला लावता आणि भिंतीकडे तोंड करून पडता. कारणही कळलं. डाव्या पायात पक्षी-अभ्यासकांनी घातलेलं पिवळं कडं असलेला तो चमचा पक्षी नऊ हिवाळे खाडीकाठच्या दलदलीत येतोय, आणि नऊही वेळा तुमच्या वहीत "आला" अशी नोंद आहे. यंदाची ओळ कोरी. तो आलाच नसेल तर चालायला शिकून जायचं कुठे, असं तुम्ही म्हणालात म्हणे. लेकीनं तुमचा कॅमेरा माझ्याकडे पाठवून दिला आणि "बाबा, एवढं कराच" म्हणाली. आता मी सायकलला पाने-पकडी बांधून हातपंप दुरुस्त करत हिंडलेला माणूस. आज पंपांचा कारखाना आहे, पण कावळा, चिमणी आणि इतर, याच्यापुढे आमचं पक्षीज्ञान गेलेलं नाही.

सकाळी खाडीच्या रस्त्याला लागलो. चहाच्या टपरीवर विचारलं, इकडे चमचे कुठे दिसतात? चहावाल्यानं आधी माझ्याकडे, मग गाडीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "कचेरी अकराला उघडते." (चोच कशी असते ते हातानं करून दाखवल्यावर त्यानं रस्ता सांगितला. ड्रायव्हर तोवर दुसरीकडे बघत होता.)

पंप कुठे गळतोय ते मी रस्त्यावरून ऐकून सांगतो, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पक्षीही कानानंच शोधायचा, असं ठरवलं. तासभर बांधावर डोळे मिटून उभा राहिलो. एक खेकडेवाली मावशी टोपली घेऊन दोनदा माझ्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा थांबली आणि काय ऐकताय म्हणून विचारलं. मी सांगितलं. "तो कशाला ओरडतोय," ती म्हणाली, "मुकाच असतो तो." एवढं बोलून गेली. पहिल्या फेरीला बोलली असती तर काही बिघडलं नसतं.

मग मात्र मी कान सोडले आणि संयम धरला. व्याहीबुवा, स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण बांधाखाली उतरून अडीच तास मी जागचा हललो नाही. माझ्या मागे बांधावर खिशाखिशांची जाकिटं घातलेले दोघे फोटोग्राफर तरुण आले होते. त्यांतला एक हळूच दुसऱ्याला म्हणाला, "काकांकडे बघ. याला म्हणतात साधना. नाहीतर तू, मिनिटभर स्थिर नसतोस." (कान शाबूत आहेत, अक्षर न् अक्षर ऐकलं.) आणि एवढ्यात तो आला. पांढराशुभ्र, चोच डावीकडून उजवीकडे पाण्यात फिरवत, फरशी पुसल्यासारखा. येता येता पंधरा फुटांवर आला. तुमची लेन्स लांबचं जवळ आणते; जवळ आलेल्याचं काय करायचं ते तिला ठाऊक नाही. त्यामुळे दोनशे अकरा फोटोंत सबंध पक्षी एकातही मावलेला नाही. बरेचसे चिखलाचे आहेत, काही माझ्या अंगठ्याचे. एकात डोकं आहे. एकात उचललेला डावा पाय आणि पिवळं कडं. दोन्ही एकाच पक्ष्याचे, याची मी हमी देतो. पाय तर ठणठणीत दिसतोय.

कळावे. विहीणबाईंना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

आपला,
व्याही

ता. क. – कॅमेरा धुऊन पुसून ठेवला आहे. आतून थोडी वाळू वाजते, ती मला ऐकू येते. तुम्हाला येणार नाही.

ता. क. – स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत "आला" लिहायचं नाही, हा तुमचा नियम लेकीनं सांगितला. तो मोडा असं मी म्हणत नाही. मावशी म्हणते, उन्हं तापेपर्यंत तो इथेच असतो. म्हणजे तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. गाडीपासून बांधापर्यंत चाळीस पावलं, मी मोजली, आणि कारखान्यातून फळ्या आणून टाकल्यात. तेव्हा उद्या त्या बाई आल्या की "उद्या बघू" म्हणू नका. खरं तर एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. – तुम्हाला घेऊन लेक बांधावर आली आणि मावशी भेटली तर ती बोलेलच, म्हणून आधीच सांगतो. अडीच तास मी हललो नाही, कारण दोन्ही पाय मांडीपर्यंत रुतले होते. वरून स्थिर दिसलो तरी खालच्या खाली पाय सोडवायच्या धडपडीत मी चिखल ढवळला, त्यात बारकी मासळी वर आली आणि ती खायला तो पक्षी आला. मला मावशीनं आणि ड्रायव्हरनं दोरानं ओढून काढलं. बूट आतच राहिले.