भेगेतला चेंडू

वणी, १२ फेब्रुवारी २००६

प्रिय रहमत,

तुझ्या बदलीले दोन वर्षं होऊन राह्यली अन् माझं हे पहिलंच पत्र. दे शिव्या, हक्क आहे तुझा. खाणीच्या कॉलनीतलं आपलं गोल्फचं मैदान पार उजाड झालं. साहेब लोकं खेळत नाहीत, गुरं चरतात. काल संध्याकाळी मी एकटाच गेलतो. तू वेल्डिंग करून दिलेली काठी अजून धडधाकट आहे.

औंदा व्यापाऱ्यांनी कापसाचा भाव पाडला अन् सगळ्या गाड्या आमच्या खरेदी केंद्रावर आल्या. तीन-तीन दिवसांची रांग. लोकं गाडीखालीच जेवतात, तिथंच झोपतात. माझं ग्रेडरचं काम तुले माहीतच आहे. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतला कापूस ओला की कोरडा ते पाहायचं अन् प्रत सांगायची. मी सांगणार, तुझी लेक नाजिया चिठ्ठीवर लिहिणार. लग्नानंतर इथंच राह्यली म्हणून मले बरं वाटलं होतं. कामाले चोख पोरगी. मले काका म्हणते, ईदच्या शेवया आठवणीनं आणते.

तुले आठवते का, उन्हाळ्यात काळ्या मातीले भेगा पडायच्या अन् चेंडू आत जायचा? नियम तूच केला होता. चेंडू उचलायचा, पण मोठ्यानं ‘भेग’ असं ओरडायचं अन् दंड म्हणून आपला एक फटका वाढवायचा. एकदा मी चपलेनं गुपचूप चेंडू बाहेर सारला. तू पाह्यलं, बोलला नाही. त्यानंतर माझा एकही फटका सरळ गेला नाही. परत येताना तू म्हणाला, अनंता, एका फटक्यानं काय बिघडत होतं, आता मागचंच पाहत राह्यला अन् पुढचे सगळे घालवले. मले असा राग आला तुझा! दोन दिवस चहाले आलो नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी चाळीस गाड्या उरल्या होत्या. रांगेतले माझी गचांडी धरायचेच बाकी होते. मी वरवर हात फिरवला अन् कोरडा, पहिली प्रत, असं म्हणत सुटलो. आतला माल ओला होता. कापसाची गंजी आतून तापली, माल पिवळा पडला. साहेबानं विचारलं, तुम्ही काय प्रत सांगितली होती? अन् मी म्हणालो, आठवत नाही. बस्स, एवढंच. मग प्रत चुकीची लिहिली म्हणून सगळं चिठ्ठी लिहिणाऱ्यावर आलं. नाजियाले घरी बसवलं. जाताना तिनं माझ्याकडं पाह्यलं, अगदी तुझ्यासारखं, अन् बोलली नाही.

तुले तिनं सुट्टी आहे म्हणून सांगितलं असन. सुट्टी नाही रे. उद्या अकरा वाजता यवतमाळले चौकशी आहे. मी गप्प बसलो तर तिची नोकरी जाते, बोललो तर माझी. रिटायर व्हाले चौदा महिने राह्यले. घरी बायकोले, मंजुषाले, अजून सांगितलं नाही. यवतमाळ येईपर्यंत मी पुन्हा ‘आठवत नाही’वरच येईन, मी मले चांगला ओळखतो. म्हणून सकाळी स्टँडवरच्या पेटीत आधी हे पत्र टाकतो, मग एस.टी.त बसतो. टाकलेलं पत्र काही परत काढता येत नाही. तुले कळणार म्हटलं, की मले बोलावंच लागन. भेग, रहमत! माझा एक फटका वाढव.

तुझाच,
अनंता