जुना उजेड

२ डिसेंबर १९८५, सोमवार
नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आज झालं. जोगेश्वरीला, माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या घराजवळच्या दवाखान्यात. आत जाताना नाना म्हणाले, पेपर वाचता आला की मला दुसरं काही नको. तीन वर्षं मीच त्यांना पेपर वाचून दाखवतोय. (वाचते सुनंदा. पण आणतो मी.)

बाहेर बाकावर दीड तास होतो. तिथे एक गुळगुळीत इंग्रजी मासिक पडलं होतं. त्यात दिलंय की परदेशात सुधारलेल्या घरांत आता ट्यूबलाइट लावत नाहीत. जुन्या पद्धतीचे दिवे, मंद प्रकाश, टाकाऊ वस्तूंच्या शेड्स, विजेची बचत. फोटोत एका साहेबाच्या दिवाणखान्यात चक्क आपल्याकडचा पितळी दिवा. मी सुन्न झालो. बावीस वर्षं भांडुपच्या, ट्यूबलाइटच्या चोकच्या कारखान्यात स्टोअर्सला काढली, म्हणजे जन्मभर चुकीच्या बाजूनं लढलो.

पान फाडून खिशात घातलं. दवाखान्याचं होतं, पण तिथे सगळे डोळे बांधलेले. वाचणार कोण?

ऑपरेशन चांगलं झालं, हे लिहायचं राहिलं. नाना दीड महिना कुंदाकडेच. चष्मा मिळाला की घरी.

६ डिसेंबर, शुक्रवार
सुनंदाला पान दाखवलं. मंद उजेडात तांदळातले खडे तुम्ही निवडणार का, असं तिनं विचारलं. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. बायकोच्या हयातीत घरात क्रांती होत नसते. थांबतो.

१ जानेवारी १९८६, बुधवार
कुंदाची रजा संपली, म्हणून सुनंदा आज नानांसाठी जोगेश्वरीला गेली. नानांचा चष्मा १३ तारखेला मिळणार. १४ ला, संक्रांतीला, दोघं घरी. म्हणजे मला तेरा दिवस.

संकल्प:
१) १४ तारखेच्या आत सबंध घर जुन्या उजेडात.
२) नवीन काही विकत घ्यायचं नाही. टाकाऊतून टिकाऊ.
३) नानांना आधी सांगायचं नाही. त्यांचं लहानपण देवगडला कंदिलाच्या उजेडात गेलं. नव्या डोळ्यांना पहिल्यांदा तोच दिसला पाहिजे. याहून मोठी भेट कोणता मुलगा देईल?
४) रोज पहाटे फिरायला जाणे.

४ जानेवारी, शनिवार
राजाराम वायरमनला बोलावलं. सगळ्या ट्यूब उतरव म्हटल्यावर तो स्टुलावरून खाली आला. म्हणाला, "सायब, लोकां कंदील काढून ट्यूब लावतत. तुमी उलट्या पायान चललात." अशिक्षित माणूस. मी त्याला पान दाखवलं. त्यानं ते उलटं धरलं होतं, पण माझा आत्मविश्वास पाहून गप्प बसला.

चारही ट्यूब, पट्ट्या, चोक, सगळं त्यालाच देऊन टाकलं. ठेवा, लागतील, असं तो तीनदा म्हणाला. परतीचे दोर कापल्याशिवाय काही होत नसतं. दोराबरोबर त्यानं ट्यूबचं वायरिंगही कापून नेलं.

फिरायला जाणे राहिले.

५ जानेवारी, रविवार
भरपूर काम झालं. माळ्यावरून आईची समई आणि दोन कंदील काढले. सुनंदाच्या तांदूळ धुवायच्या रोवळीची शेड करून शंभरच्या बल्बावर टांगली. बांबूच्या फटींतून भिंतीवर जी नक्षी पडली ती पाहत वीस मिनिटं उभा होतो. एकविसाव्या मिनिटाला रोवळी करपायला लागली. एका बाजूनंच जळली आहे. दिवाळीच्या आकाशकंदिलातले चार पंधराचे बल्ब टांगले, ते पुरेत.

आमचं मुलुंडचं घर तळमजल्यावर, समोर कंपाउंडची भिंत, त्यामुळे दिवसाचा उजेड मुळातच बेताचा. तोही मवाळ करावा म्हणून खिडक्यांना पतंगाचा कागद चिकटवला. तांबडा आणि जांभळा. दुपारी तीन वाजता घरात सात वाजल्यासारखं वाटतं. झकास.

७ जानेवारी, मंगळवार
दाढी करताना मिशीची डावी बाजू जरा वर गेली. उजवी बरोबरीला आणली. मग डावी पुन्हा खाली वाटली. आरशात नीट कळत नव्हतं. शेवटी बरोबर झाली, कारण उरलीच नाही.

वडील हयात असताना मिशी काढू नये म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. कारखान्यात सगळे माझ्याकडे बघून एकदम गंभीर झाले. सुपरवायझर म्हणाला, वाटल्यास चार दिवस रजा घे. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चेहऱ्यात भारदस्तपणा आला असावा.

८ जानेवारी, बुधवार
समई खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवली. मासिकात म्हटलंय की प्रकाश खालून वर यावा. तेल गळत होतं म्हणून खाली गव्हाचं पीठ पसरलं. वारा आडवा येत होता म्हणून एकच वात ठेवली, तीही दक्षिणेकडे. वरून ती अर्धी करपलेली रोवळी पालथी घातली. काहीही वाया गेलं नाही. खोलीला जो गंभीर भाव आला त्याचं वर्णन करता येत नाही. दार उघडंच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

९ जानेवारी, गुरुवार
परिणाम एका दिवसात. वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई आणि त्यांचे यजमान आले. एरवी पाण्याच्या पंपावरून भांडणारी माणसं. दारातच थबकली. समईकडे पाहिलं, माझ्या मिशीच्या जागेकडे पाहिलं आणि न बोलता सतरंजीवर बसली. विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कलेचा असा परिणाम मी ऐकून होतो, प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिला. चहा विचारला, नको म्हणाल्या. सुनंदा जोगेश्वरीलाच आहे का, विचारलं. हो म्हटलं. उठताना म्हणाल्या, धीर धरा. खरं आहे. ट्यूब काढायला धीर लागतोच.

१० जानेवारी, शुक्रवार
आज सात जण येऊन गेले. कुणी मोठ्यानं बोललं नाही. एक जण नानांबद्दल काहीतरी सुरू करणार, तर त्याचा गळाच भरून आला. मी त्याला म्हटलं, नानांचं राहू द्या, तुम्ही दिव्याकडे बघा. त्याला आणखीच भरून आलं.

रात्री विमलाबाईंकडून पिठलं-भात आला. मला स्वयंपाक दिसत नसल्यानं तीन दिवस केळ्यांवर होतो, त्यामुळे ताटली चाटूनपुसून खाल्ली. त्यांचा नवरा बघत होता. शेजारधर्म अजून शिल्लक आहे.

११ जानेवारी, शनिवार
सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव आले. हळू आवाजात विचारलं की सगळ्यांनी एकत्र जमायचं तर कधी जमावं. हे अपेक्षितच होतं. एकेकानं येऊन बघण्यापेक्षा ते बरं. मी १४ ला संध्याकाळी सहा वाजता म्हटलं. सुनंदाही आलेली असेल. संक्रांतीच्या दिवशी? असं ते चाचरत म्हणाले. मी म्हटलं, माझा दिवसबिवसांवर विश्वास नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बोर्डावर लिहितो म्हणाले. लिहा म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार
डोळे चुरचुरतात. अंगठा पलंगाला दोनदा, त्याच पलंगाला. चहात मीठ. कंदिलामुळे छत काळं झालंय, पण त्यालाही जुनेपणाची शोभा आहे. मासिकाचं पान पुन्हा वाचायला काढलं, अक्षर लागेना. असू दे, पाठ आहे.

पहाटे फिरायला जाणार होतो. पहाट कधी झाली ते घरात कळलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
सविस्तर लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

सहा वाजता सोळा माणसं जमली. सगळी पांढऱ्या कपड्यांत. तिळगूळ कुणीच दिला नाही. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. या उजेडात आपल्याला आपली गेलेली माणसं आठवतात, एवढंच म्हणालो, तर दोन बायका हुंदके द्यायला लागल्या. पुढचं भाषण विसरलो.

तेवढ्यात रिक्षा थांबली. नाना आणि सुनंदा.

पुढचं सुनंदाकडून कळलं. नवा जाड चष्मा लावून नाना जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत आले. एकही सोडली नाही. रिक्षावाला कंटाळला, ते कंटाळले नाहीत. तीन वर्षांचं साठलं होतं. सोसायटीच्या फाटकात बोर्ड होता. तोही वाचला. "कै. दशरथ विठ्ठल परब यांची शोकसभा, आज सायं. ६ वा., तळमजला." मी मागच्या फाटकानं जातो-येतो आणि बोर्ड कधी वाचत नाही, त्यावर पाण्याच्या वेळाच असतात. स्वतःचं नाव नानांनी पुन्हा एकदा वाचलं. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

नंतर आत आले. विमलाबाई किंचाळून सतरंजीवरच बसल्या. जयवंतराव भिंतीला टेकले. पण नानांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. उंबऱ्यात थांबून त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला. मी पुढे होऊन वाकलो. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मिशीच्या जागी थांबवला, कोण आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी, विद्याधर. तेव्हा ते अगदी हळू सुनंदाला म्हणाले, "सूनबाई, परत पडदा आला गं डोळ्यावर. कुंदाला सांगू नको. तिनं फार केलंय."

मी सांगत होतो, नाना, डोळा ठीक आहे, उजेडच कमी आहे, मी मुद्दाम केलाय. त्यांना पटेना. मुद्दाम कोण कमी करील, असं ते म्हणत होते. ट्यूब लावून दाखवावी तर ट्यूब नव्हती. वायरही नव्हती. कंदील मोठा करायला गेलो तर काच तडकली. नाना जमिनीवर बसले, हात मांडीवर ठेवून. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

सुनंदानं रोवळी उचलली. पीठ पाहिलं, वात पाहिली, मला पाहिलं. म्हणाली, "माणूस गेल्यावर त्याच्या जागी असा दिवा लावतात. तुम्ही बापासाठी लावून बसलात."

मग तिनं नानांना हाताला धरून वर विमलाबाईंकडे नेलं. तिथे ट्यूब आहे. हातात पेपर दिला. मी जिन्यात उभा होतो. नंतर नानांचा आवाज आला, मथळ्यापासून, मग बारीक बातम्या, मग बाजारभाव. कांद्याच्या भावापाशी थांबले. रडत होते. विमलाबाई पण. मला कुणी वर बोलावलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार
नाना खाली आले नाहीत. रात्री विमलाबाईंकडे झोपले, सकाळी परस्पर जोगेश्वरीला. सुनंदाही गेली. पिठल्याचा डबा परत द्यायला वर गेलो, विमलाबाईंनी दार उघडलं, डबा घेतला, दार लावलं. पंपावरून भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संकल्प: उद्याच्या उद्या ट्यूब.

१६ जानेवारी, गुरुवार
राजाराम गावी जत्रेला गेलाय. फेब्रुवारीत येईल. दुसरा वायरमन आला, कापलेलं वायरिंग पाहून म्हणाला की दुसऱ्याच्या अर्धवट कामाला तो हात लावत नाही. चोकच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला घरात एक ट्यूब पेटवता येऊ नये. स्वतः प्रयत्न केला. फ्यूज गेला. पंधराचे बल्बही गेले. दुसऱ्या कंदिलातलं रॉकेल संपलंय. आता फक्त समई. पीठ झाडून टाकलं, वात पूर्वेला केली.

तात्त्विकदृष्ट्या मासिक बरोबरच होतं. पण त्यांच्याकडे वडील वेगळे राहत असावेत.

२३ जानेवारी, गुरुवार
कामावरून आलो तर दारात पोस्टकार्ड. नानांचं अक्षर. तीन वर्षांत त्यांनी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्र. समईजवळ धरलं, खिडकीजवळ धरलं. लागेना. पतंगाचा कागद खरवडून पाहिला, फार घट्ट चिकटलाय. हे एक काम मात्र चांगलं झालं होतं.

शेवटी जिन्यात गेलो. जिन्यात परवापासून लख्ख ट्यूब आहे. राजारामनं जाण्याआधी सोसायटीला विकून ठेवली होती म्हणे. कडेला पेनानं तारीख आहे, ११-८-८४. अक्षर माझं. मीच बसवताना घातली होती, किती दिवस टिकते ते बघायला. टिकली आहे.

पत्र असं:

"चि. विद्याधर यास आशीर्वाद. डोळा उत्तम. रोज पेपर पहिल्या पानापासून वाचतो. माझ्या शोकसभेला सोळा माणसं होती हे ऐकून बरं वाटलं, मी सहा धरली होती. तू माझ्यासाठीच केलंस असं सूनबाई म्हणाली. असेल. पण तुझ्या घरात मला दिसत नाही, काय करू? ट्यूब लागली की कळव, येतो. मिशी वाढव. नाना."

दोनदा वाचलं. विमलाबाई वरून उतरल्या, मला पाहून थांबल्या, बाजूनं निघून गेल्या. मग आत जाऊन वही आणली. पायरीवर बसून हे लिहितोय. आत दिसत नाही.