नाकारलेली दोन मिनिटं

शनिवार, १२
नक्कल! धडधडीत नक्कल, आणि हाकललं कोणाला? मला! शेवटचा डाव, जिंकेल तिला कप. आमच्या पोरीने मधली प्यादी सोडून बाजूचं प्यादं दोन घरं सरकवलं. समोरच्या चष्मेवालीनेही तेच! हिचा घोडा बाहेर — तिचाही. हिने उंट कोपऱ्याजवळ बसवला, तर तिनेही! किती सहन करायचं? उठले आणि ओरडले, "अहो पंच, ती कार्टी हिचं बघून करतेय!" सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पोरगी मात्र बघेना. कान लाल झाले होते तिचे. पंचांनी मला बाहेर काढलं, सायकलींजवळ.

जिंकली म्हणा! पण घरी आल्यावरही माझ्याशी एक शब्द नाही.

रविवार, १३
पोरीचे बुद्धिबळाचे सर आले. मी तक्रार सुरू केली तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, नक्कल कसली! ती सुरुवात तशीच खेळतात. पुस्तकात आहे."

मग हॉलमध्ये पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं. मला बाहेर काढल्यावर पंच चष्मेवालीला म्हणाले, "तुझ्या खेळात अडथळा आला. दोन मिनिटं वाढवून देतो." ती म्हणाली, "नको. हिची आई ओरडली, त्यात हिची काय चूक?"

आणि शेवटी डाव तिच्याच हातात होता! तिच्या वाट्याची घड्याळातली वेळ संपली, म्हणून हरली.

सोमवार, १४
शिवणाच्या कारखान्यात दिवसभर शर्टांची काजं चुकली. मास्तर म्हणाले, "बाई, बटणं घालायचीत, खिडक्या नाही पाडायच्या!" सगळ्या हसल्या. मला कुठलं हसू? त्या लेकराला मी भर हॉलमध्ये नक्कलखोर म्हटलं. आणि तिने माझ्या पोरीला सांभाळून घेतलं. कोण कुठली! भलं होवो तिचं.

मंगळवार, १५
पोरगी बोलली — कप टेबलावर आदळून. "आई, हा मला नको."
"गप! नियमाने जिंकलीस."
"नियमानेच जिंकले. मग तुला दोन दिवस जेवण का जात नाहीये?"
माझ्या पोटची, आणि माझ्याहून शहाणी निघाली. बरं झालं!

बुधवार, १६
सरांच्या हाती चिठ्ठी पाठवली. तीन फाडल्या, ही चौथी. "बाळ, मी चुकले. तुझे उपकार आहेत. रविवारी आमच्याकडे ये. दोघी पुन्हा खेळा, घड्याळाशिवाय. जिंकेल तिचा कप — पोरगी तयार आहे. मी स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही. पण येतेस की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव. मला वाट बघता येत नाही."